टाळू शाबूत तर वेणी शाबूत

शहाद्यातल्या माझ्या सलूनमध्ये दाढी आणि कटिंगचं काम नेहमीचंच आहे. पण अलीकडे कॉलेजची पोरं खुर्चीत बसतात आणि मोबाइल पुढे करतात. फोटोत कधी वेस्ट इंडीजचा एखादा क्रिकेटपटू असतो, कधी अमेरिकेतला रॅपर, कधी बास्केटबॉलचा ॲलन आयव्हर्सन. आयव्हर्सन १९९६ साली एनबीएत आला आणि थोड्याच काळात त्याच्या डोक्यावरच्या वेण्या जगभरच्या पोरांनी उचलल्या. डोक्याला चिकटून, कपाळापासून मानेपर्यंत, उसाच्या सऱ्यांसारख्या ओळीने जाणाऱ्या या वेण्यांना कॉर्नरो म्हणतात. आमच्याकडे पोरं नुसतं ‘ब्रेड्स’ म्हणतात.

हे काम मी पुण्यात शिकलो. तिथे शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलांची डोकी ज्या सलूनमध्ये विणली जायची, तिथे मी हाताखाली होतो. शिकून गावी आलो तेव्हा लक्षात आलं की वेणी घालणं हा अर्धाच भाग आहे. पोरगा उठता उठता विचारतो, ‘भाऊ, कितला दिन टिकी?’ त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्या उशीत, त्याच्या बोअरच्या पाण्यात, त्याच्या कामाच्या जागी असतं. आजवर जे पाहिलं ते इथे मांडतो.

१. आधी केस ओळखावा, मग शब्द द्यावा.

आफ्रिकी माणसाच्या केसाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो चपटा, लंबगोल दिसतो. तो केस वळणं घेत वाढतो आणि शेजारच्या केसात गुंतून राहतो. चिनी, जपानी लोकांचा केस जवळपास गोल आणि सरळ असतो. आपल्याकडे या दोन टोकांच्या मधलं सगळं काही सापडतं. एकाच घरातल्या दोन भावांची डोकी वेगळी निघतात. सरळ, गुळगुळीत केस वेणीतून घसरतो, कारण त्याला धरून ठेवणारं काही नसतं. म्हणून मी बसण्याआधीच सांगतो: केस सरळ असेल तर आठ-दहा दिवस नीट दिसेल, लहरी असेल तर दोन आठवडे, आणि दाट कुरळा असेल तर तीन-चार आठवडे. फोटोतल्या माणसाची महिनाभर टिकते म्हणून आपलीही टिकावी, ही अपेक्षा धरू नये.

लांबीही हवी. बोटाच्या चिमटीत नीट धरता येईल एवढा, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटर केस असला तर वेणी बसते. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मशीन मारलेल्या डोक्याने पुढच्या महिन्यातल्या लग्नाची वेळ मागितली तर मी नम्रपणे नाही म्हणतो.

२. जास्त ओढली म्हणून वेणी जास्त टिकत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज याच गोष्टीबद्दल आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. पोरं स्वतःच म्हणतात, अजून ओढा, म्हणजे टिकेल. डोळ्यांचे कोपरे वर ताणले गेले, कपाळ चमकायला लागलं, की त्यांना काम पक्कं झाल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे जास्त ओढलेली वेणी लवकर खराब होते. मुळाशी ताण असला की कातडी सुजते, खाज सुटते, पोरगा झोपेत खाजवतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेणीच्या दोन्ही बाजूंनी केस बाहेर येतात. त्याहून वाईट म्हणजे बारीक केस मुळासकट निघतात.

सततच्या ओढीने केस जाणं हा वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत असलेला आजार आहे. १९०७ साली ग्रीनलँडमधल्या स्त्रियांमध्ये त्याची नोंद झाली. केस घट्ट ओढून बांधल्याने त्यांच्या कपाळाची रेषा मागे सरकली होती. केसांची गाठ वर घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्ये आणि मुलांमध्येही डॉक्टरांनी तो पाहिला आहे. तेव्हा हा बायकांचा आजार किंवा परदेशातला आजार म्हणून सोडून देता येत नाही. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर मूळच मरतं, आणि मग कुठलंही तेल, कुठलाही लेप उपयोगाचा नाही.

ओळखायचं कसं? वेणी घातल्यावर भुवया उचलून बघाव्यात. कपाळाला ओढ जाणवली तर ती वेणी जास्त घट्ट आहे. त्या रात्री डोकं दुखलं, मुळाशी पांढरे बारीक पुरळ आले, किंवा वेणीच्या उगमाशी कातडी तंबूसारखी वर उचललेली दिसली, तर सकाळपर्यंत थांबू नये, वेणी सोडावी. दुखणं दोन दिवसांत जातं असं म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याचं ऐकू नये.

कानशिलावरचे आणि मानेवरचे बारीक, मऊ केस मी वेणीत घेतच नाही. फोटोत ते घेतलेले असतात, दिसायला रेषा साफ दिसते. पण जातात तेही पहिले तेच.

३. वेणीच्या आदल्या दिवशी केस धुवावा, कंडिशनर लावू नये.

सारंगखेड्याच्या यात्रेत हे मला घोड्यांच्या माणसांकडून पुन्हा ऐकायला मिळालं. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. शौकीन मालक घोड्याची आयाळ गुंफतात, रंगीत दोरे घालतात. त्यातल्या एका जाणत्याने सांगितलं की आयाळ नुकतीच धुऊन मऊ केली तर बोटांतून निसटते. थोडी खरखर असली तर वेणी धरते. माणसाच्या सरळ केसाचंही हेच आहे. आदल्या दिवशी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढावं, केस वाळू द्यावा, दुसऱ्या दिवशी बसावं. कपाळावर ओघळेल इतकं खोबरेल चोपडून आलेल्या पोराला मी आधी बेसिनकडे पाठवतो.

पकड येण्यासाठी मी जवसाचं जेल वापरतो. दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचं, पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट झालं की गरम असतानाच सुती कापडातून गाळायचं. गार झाल्यावर गाळता येत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर नाही. बाजारातल्या कडक जेलने दुसऱ्याच दिवशी पांढरी पापडी सुटते आणि लोक विचारतात, कोंडा झाला का? जवसाचं जेल थोडं लावलं तर ते होत नाही.

४. काही डोकी परत पाठवावी लागतात.

विंचरताना उवा किंवा लिखा दिसल्या तर वेणी घालायची नाही. वेणीच्या आत औषध पोचत नाही, फणी फिरत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांमध्ये हे होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. औषधाच्या दुकानात पर्मेथ्रिनचं लोशन मिळतं, आधी ते, मग वेणी. गोल चट्टा, त्यात तुटलेले केस, वर खपली असं दिसलं तर तो बहुधा डोक्यातला नायटा. तो फणीतून दुसऱ्या डोक्यावर जातो, म्हणून मुलाला डॉक्टरकडे पाठवायचं आणि फण्या धुऊन जंतुनाशकात टाकायच्या.

तिसऱ्या गटातल्या पोरांना पटवणं कठीण जातं. टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया अशा मोठ्या तापातून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. ताप विसरलेला असतो, गळती नवी वाटते. हे गळणं आपोआप थांबतं, पण त्या काळात वेणीची ओढ द्यायची नाही. मी विचारतो, पावसाळ्यात आजारी होतास का? उत्तर ‘हो’ आलं की चहा पाजतो आणि दिवाळीनंतर बोलावतो. ज्याचा केस नुसताच विरळ आणि निस्तेज झालाय, चेहराही फिका आहे, त्याला हिमोग्लोबिन तपासायला सांगतो. सरकारी दवाखान्यात ते होतं.

५. वेणी रात्री बिघडते.

दिवसभर जपलेली वेणी सहा-सात तासांच्या झोपेत विस्कटते. सुती अभ्रा केसाला घासतो, वर त्याचा ओलावाही शोषतो. परदेशात पुरुष डोक्याला ड्युरॅग नावाचं कापड बांधतात. आपल्याकडे ते शोधत बसायची गरज नाही. शिंप्याकडून अस्तराचं सॅटिन अर्धा मीटर आणावं, कडा शिवून घ्याव्यात, कपाळावरून मागे नेऊन मानेवर गाठ मारावी. गाठ कपाळावर नको, वळ उठतो. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात खाटेवर झोपणाऱ्यांनी तर हे करावंच. काथ्याच्या खाटेत वेणीचं टोक अडकलेलं मी सोडवलेलं आहे.

या एका कापडाने जेवढे दिवस वाढतात तेवढे दुसऱ्या कशाने वाढत नाहीत. केसांना लावायचा महाग फोम घेऊन येणाऱ्याला मी आधी हेच विचारतो: रात्री काय बांधतोस?

६. धुणं टाळू नये, पद्धत बदलावी.

‘पाणी लागलं की वेणी गेली’ अशा समजुतीने पोरं दोन-दोन आठवडे डोकं कोरडं ठेवतात. घाम, धूळ आणि तेल साठतं. कोंड्याला हातभार लावणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी कातडीवरच्या तेलावरच जगते. मग खाज, मग नखं, मग वेणी सैल. आठवड्यातून एकदा धुवावं, पण असं: सॉसची टोकदार बाटली घ्यायची, एक भाग शाम्पू आणि सात-आठ भाग पाणी हलवायचं, बाटलीचं टोक दोन वेण्यांमधल्या भांगावर धरून धार सोडायची. बोटांची पेरं भांगावर हळू दाबत पुढे न्यायची. वेणी चोळायची नाही. ओला केस फुगतो, ताणला जातो आणि कमजोर असतो, त्यामुळे तेव्हा घासलं की तोच केस बाहेर येतो.

शेवटचं पाणी गोडं असावं. तापीपट्ट्यातल्या कितीतरी बोअरचं पाणी जड आहे. क्षार वेणीवर बसतात आणि ती राखाडी, खरखरीत दिसते. नळाचं किंवा गाळलेलं एक तांब्याभर पाणी शेवटी ओतलं तरी फरक पडतो.

मग वाळवणं. टॉवेलने दाबायचं, जुना सुती टी-शर्ट असेल तर अधिक चांगलं, आणि पंख्याखाली बसायचं. वेणी बाहेरून कोरडी वाटते तेव्हा आतून ओलीच असते. श्रावणात धडगाव किंवा तोरणमाळकडची पोरं ओल्या वेणीवर टोपी घालून खाली उतरतात आणि चार दिवसांनी डोक्याला कुबट वास येतो. पावसाळ्यात म्हणून मी सकाळी धुवायला सांगतो, रात्री कधीच नाही.

७. इथली हवा, इथलं काम.

नंदुरबार म्हणजे लाल मिरचीची मोठी बाजारपेठ. हंगामात शहराभोवतीच्या पथारींवर मिरचीचा लाल गालिचा पसरलेला असतो आणि तिथे काम करणाऱ्या पोरांच्या भांगात बारीक तिखट जाऊन बसतं. मोकळ्या केसात कातडी झाकलेली असते. कॉर्नरोमध्ये भांग उघडा पडतो. घाम आला की आग होते. पोरगा नळाखाली डोकं धरतो आणि आग आणखी पसरते, कारण मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. ते तेलात विरघळतं. कापसाचा बोळा तेलात भिजवून भांगावरून पुसावा, दोन-तीन बोळे बदलावेत, आणि मग पातळ शाम्पूची धार सोडावी. डोळ्यांना हात लावू नये. त्याहून चांगलं म्हणजे कामावर जाताना आत सॅटिन आणि वर रुमाल घट्ट बांधावा. पथारीवरच्या बायका पदराने, रुमालाने डोकं झाकूनच काम करतात.

उन्हाचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि उघड्या भांगाची कातडी भाजते. चार दिवसांनी तिची सालं निघतात, पोरं कोंडा समजून कोंड्याचा शाम्पू आणतात, आणि भाजलेली कातडी आणखी चरचरते. उन्हात टोपी किंवा गमछा घालावा. दुसरं काही लागत नाही.

हेल्मेटने वेणी मोडते म्हणून हेल्मेट टाळणाऱ्याची वेणी मी घालत नाही. शहादा-नंदुरबार रस्त्यावर रोज मोटरसायकलने जाणाऱ्याने आत पातळ टोपी घालावी आणि हेल्मेट सरळ वरून उतरवावं, पुढून मागे ओढू नये.

८. जोडकेस, होळी आणि आग.

लांब वेणी हवी असली की कृत्रिम केस जोडावे लागतात. त्यात कानेकालोन नावाचा मूळ जपानी धागा चांगला समजला जातो. त्याच्यावरच्या थराने काहींना खाज सुटते. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तो आधी भिजवून, धुऊन, वाळवून घेतला तर त्रास कमी होतो. जोड हलका असावा. वजन वाढलं की ओढ वाढते, आणि मग दुसऱ्या क्रमांकात सांगितलेलं सगळं लागू होतं.

होळीच्या आधी ही मागणी एकदम वाढते. सातपुड्यातली होळी ज्याने पाहिली त्याला का ते सांगावं लागणार नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल आणि नाच चालतो, पालनीचं व्रत पाळणारे पुरुष अंगभर ठिपके काढून, कमरेला घुंगरू आणि सुकलेले दुधी बांधून, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे मोरपिसांचे उंच टोप घालून नाचतात. ते आमच्या भागातलं पुरुषाचं सगळ्यात देखणं रूप आहे, असं मी मनापासून मानतो. टोप घालणाऱ्याला मी जोडकेसाची वेणी घालून देत नाही. टोपाचं वजन आणि त्याची बांधणी आधीच डोक्यावर ताण देते, आणि पालनीच्या दिवसांत आंघोळ नसते, म्हणजे डोकंही धुतलं जात नाही. व्रत मोठं आहे. वेणी होळीनंतर घालता येते.

नुसतं नाचायला, बघायला जाणाऱ्याने लक्षात ठेवावं की कृत्रिम धागा आगीजवळ आकसतो, वितळतो आणि कातडीला चिकटतो. होळीजवळ जाताना जोडवेणी गुंडाळून सुती रुमालाखाली बांधावी. आणि वेणी आदल्या दिवशी घालू नये. तीन-चार दिवस आधी घातली की ओढ जास्त झाली असेल तर वेळेत कळते, सोडून पुन्हा घालता येते आणि निवांत नाचता येतं.

९. तेल भांगाला, तेही थेंबाने.

वेणीला तेल चोळलं की सरळ केस सुटतो. कातडी कोरडी वाटली तर बोटाच्या टोकावर दोन थेंब, फक्त भांगावर. कोंडा असेल तर तेवढंही नको.

१०. ही कला कुणाची आहे ते माहीत असावं.

पुण्यातल्या त्या मुलांपैकी एकाच्या वेण्या लहानपणापासून त्याची आजी घालायची, तासन्‌तास, बोलत बोलत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर या वेण्या समुद्रापार गेल्या आणि तिथे त्यांच्यावरून माणसांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, मुलांना शाळेतून घरी पाठवलं गेलं. २०१९ साली कॅलिफोर्नियाने क्राउन ॲक्ट हा कायदा केला, तेव्हा कुठे अमेरिकेतल्या एका राज्यात केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करणं स्पष्टपणे बेकायदा ठरलं. खुर्चीत दोन तास बसणाऱ्या पोराला मी हे सांगतो. त्याला कंटाळा येत नाही. उलट त्यानंतर तो वेणी अधिक जपतो, हे मी पाहिलं आहे.

वडील सोबत आले तर त्यांचा प्रश्न वेगळा असतो: पोराच्या डोक्यावर वेण्या कशाला? मी वाद घालत नाही. डोकं स्वच्छ राहील, केस जाणार नाही आणि परीक्षेच्या आधी सोडून देईन, एवढी हमी देतो. शाळेचा नियम असेल तर सुट्टीतच घालतो.

११. सोडणं हेही काम आहे, घाईचं नाही.

बारके रबर ओढून काढले की केस तुटतो. नेलकटरने रबर कापावा. टोकाकडून वर, बोटांनी, पाणी आणि थोडं कंडिशनर मारत वेणी उकलावी; कंडिशनरची जागा इथे आहे. मुळाशी मळाची गाठ असते, तिच्यात आधी फणी घालू नये, बोटांनी फोडावी. फणी शेवटी, तीही रुंद दातांची.

या वेळी हातात केसांचा पुंजका येतो आणि पोरं घाबरतात. रोज प्रत्येकाचे पन्नास ते शंभर केस गळतातच. वेणीत ते खाली पडत नाहीत, अडकून राहतात. दोन आठवड्यांचे म्हणजे सातशे ते चौदाशे केस एकदम दिसतात. पुंजक्यातल्या बहुतेक केसांच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर ते आपोआप गळलेले आहेत. ठिपक्याशिवायचे आखूड तुकडे जास्त असतील तर केस तुटतोय. मग जोड, जेल, झोप यांतलं काय चुकलं ते शोधावं.

त्यानंतर किमान दोन आठवडे डोकं मोकळं. पुढच्या वेळी भांग थोडा सरकवून घ्यावा, म्हणजे त्याच रेषेवर पुन्हा ओढ आणि पुन्हा ऊन येत नाही. आणि दर खेपेला मी कानशिलावरून अंगठा फिरवतो. बारीक नवे केस टोचले तर लगेच पुढची तारीख देतो. तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत लागली तर वेणीची वही मिटतो आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जायला सांगतो. तो परत येईपर्यंत त्याची साधी कटिंग मी करतो.